माणगावची वाहतूककोंडी आणि घरातील ज्येष्ठ

मुंबई–गोवा महामार्गाची चर्चा वर्तमानपत्रांत निघते ती बहुधा गणपतीच्या तोंडावर. किती किलोमीटर काँक्रीट झाले, कोणती मुदत उलटली, कोणत्या मंत्र्यांनी पाहणी केली, याचे हिशेब तेव्हा मांडले जातात. आपल्या घरात सत्तरी ओलांडलेली आई असेल, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले वडील असतील, किंवा आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी जाणारे काका असतील, तर या रस्त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. तो बसून राहिलेल्या तासांचा, न प्यायलेल्या पाण्याचा आणि चुकलेल्या गोळ्यांचा असतो. महामार्ग पूर्ण होईपर्यंत हा हिशेब आपल्यालाच ठेवायचा आहे. आणि पूर्ण झाल्यावरही त्यातील काही बाबी शिल्लक राहणार आहेत. त्याविषयी थोडे सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

उदाहरणादाखल माणगाव–लोणेरे हा टप्पा घेऊ. पळस्पे फाट्यापासून इंदापूरपर्यंतचे अंतर ८४ किलोमीटर आहे. (हे इंदापूर रायगड जिल्ह्यातील, पुणे जिल्ह्यातील इंदापूरशी त्याचा संबंध नाही.) त्याच्या पुढे माणगाव, आणि माणगावच्या पुढे दहा-बारा किलोमीटरवर लोणेरे. १९८९ मध्ये स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ याच लोणेऱ्यात महामार्गालगत आहे. एरवी भातशेतीचे असलेले हे गाव त्यामुळे विद्यार्थ्यांचे गाव झाले. वसतिगृहे, खानावळी, रिक्षा आणि दुचाकी आल्या, आणि महामार्ग ओलांडणाऱ्यांची संख्या वाढली. माणगाव हे तालुक्याचे ठिकाण. तेथे बाजारपेठ, एस.टी. स्थानक, कोकण रेल्वेचे स्थानक आणि उपजिल्हा रुग्णालय आहे. श्रीवर्धन आणि हरिहरेश्वराकडे जाणारा पर्यटक, महाडमार्गे रायगडावर निघालेली सहल, ताम्हिणी घाट उतरून पुण्याहून आलेली मोटार आणि तळकोकणात गावी निघालेला चाकरमानी, या सर्वांची वाट माणगावातून जाते. आणि त्याच वाटेवर माणगावच्या आजी भाजी घ्यायला निघालेल्या असतात.

रस्ता रखडला कसा

या महामार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये पहिल्या टप्प्यात, म्हणजे पळस्पे ते इंदापूर, सुरू झाले. इंदापूरपासून सिंधुदुर्गातील झारापपर्यंतचे काम त्यानंतर अनेक तुकड्यांत विभागून देण्यात आले. कर्नाळा पक्षी अभयारण्यातून जाणाऱ्या भागाला पर्यावरणविषयक परवानग्यांचा प्रश्न आला. अनेक ठिकाणी भूसंपादन अडले, कारण कोकणातील जमिनीचे एकेक गुंठ्याचे तुकडे आणि सातबाऱ्यावर मुंबईत राहणाऱ्या दहा-दहा भावंडांची नावे, ही वस्तुस्थिती कागदावरच्या वेळापत्रकात कधी मावत नाही. ठेकेदार बदलले, कामे पुन्हा काढली गेली, मुदती पुढे गेल्या, जनहित याचिकांमुळे उच्च न्यायालयाला वेळोवेळी लक्ष घालावे लागले. मूळचा राष्ट्रीय महामार्ग १७ दरम्यान क्रमांक ६६ झाला. पाटीवरचा आकडा बदलणे, हे या सगळ्यात बहुधा सर्वांत सोपे काम ठरले असावे.

मनात आणले तर काम वेगाने होते, याचा दाखलाही याच रस्त्यावर आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्यांसह वाहने नदीत गेली. त्या जागी नवा पूल पुढच्याच वर्षी, जून २०१७ मध्ये, वाहतुकीला खुला झाला. पोलादपूर आणि खेड यांच्यामधील कशेडी घाटाला पर्याय म्हणून काढलेल्या सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या बोगद्याची एक बाजू २०२३ च्या गणेशोत्सवात हलक्या वाहनांसाठी उघडली, तेव्हा घाटाच्या वळणांनी जीव कासावीस होणाऱ्या अनेक ज्येष्ठांना पहिल्यांदा हायसे वाटले.

माणगाव आणि इंदापूर ही दोन गावे मात्र मागे राहिली. गावाबाहेरून जाणारा बाह्यवळण रस्ता, ज्याला आपण बायपास म्हणतो, तो येथे होणे अपेक्षित होते. पुढचा-मागचा बराच रस्ता रुंद झाल्यावरही ही बाह्यवळणे रेंगाळली. त्याचा परिणाम नरसाळ्यासारखा झाला. वरच्या रुंद तोंडातून भराभर ओतलेले तेल खालच्या बारीक नळीशी तुंबावे, तशी चार पदरी रस्त्यावरून वेगाने आलेली वाहने गावाच्या जुन्या रस्त्याशी येऊन तुंबतात. अलीकडचा रस्ता जितका चांगला, तितके हे तुंबणे मोठे. त्यामुळे 'आता रस्ता पुष्कळ सुधारला आहे' असे ऐकून ज्येष्ठांना घेऊन निघालेल्या कुटुंबाची फसगत होते. सरासरी वेग वाढलेला असतो, पण प्रवासाला लागणाऱ्या वेळाची खात्री वाढलेली नसते. आणि ज्येष्ठांच्या प्रकृतीला वेगापेक्षा या खात्रीची गरज अधिक असते.

पाणी, लघवी आणि संकोच

कोंडीत अडकलेल्या ज्येष्ठांचा पहिला त्रास कोणता, असे विचारले तर पुष्कळ जण गुडघे किंवा कंबर सांगतील. खरा त्रास बहुधा कोणी बोलून दाखवत नाही. प्रवासात लघवीला कुठे जायचे, ही ती चिंता. तिच्यावर घरोघरी एकच उपाय केला जातो: आदल्या रात्रीपासून पाणी कमी करायचे आणि सकाळची पाण्याची गोळी गाळायची. विशेषतः स्त्रिया हा उपाय वर्षानुवर्षे करत आल्या आहेत, आणि आपण मुलांनी तो पाहून न पाहिल्यासारखा केला आहे.

हा उपाय धोकादायक आहे. उतारवयात तहानेची जाणीव मुळात मंदावलेली असते. पाणी कमी पडले की रक्तदाब उतरतो, उभे राहताना भोवळ येते, मूत्रमार्गाचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते, बद्धकोष्ठ होते. वृद्ध माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला तर त्यामागे पुष्कळदा शरीरातील पाण्याचा आणि क्षारांचा बिघाड असतो. दुसरीकडे, हृदयविकाराच्या रुग्णाने पाण्याची गोळी परस्पर बंद केली तर पायांवर सूज आणि छातीत दम भरू शकतो. फ्युरोसेमाइडसारख्या गोळीचा परिणाम साधारणपणे तासाभरात सुरू होतो आणि सहा तासांच्या आसपास टिकतो. म्हणून प्रवासाच्या दिवशी ती पहाटे फार लवकर घ्यावी की मुक्कामी पोहोचल्यावर, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे. पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत वेळ बदलता येते. विचारायचेच आपण विसरतो.

पाणी एकदम तांब्याभर न पिता दर अर्ध्या-पाऊण तासाने दोन-चार घोट प्यावे. (ज्यांना डॉक्टरांनी दिवसाच्या पाण्याचे माप ठरवून दिले आहे, त्यांनी त्या मापातच.) पुरुषांसाठी झाकणाचे युरिन पॉट गाडीत ठेवावे. स्त्रियांसाठी प्रौढांचे डायपर हा आज सहज मिळणारा पर्याय आहे. त्याविषयी आईशी किंवा सासूबाईंशी बोलताना घरातील स्त्रीने, एकांतात आणि प्रवासाच्या दोन दिवस आधी बोलावे. ऐन निघताना सर्वांसमोर विषय काढला तर उत्तर 'मला नको' असेच येणार. आणि गरज लागण्याची वाट न पाहता थांबावे. पुढे कोंडी आहे असे कळले की तिच्यात शिरण्याआधीचे हॉटेल किंवा पेट्रोल पंप हे थांबण्याचे योग्य ठिकाण. माणगावाच्या बाबतीत, मुंबईकडून येताना कोलाडच्या आसपासच थांबून घ्यावे.

प्रोस्टेटची वाढ असलेल्या पुरुषांसाठी आणखी एक सूचना. लघवी फार वेळ दाबून धरल्याने ती अडकून बसण्याची, म्हणजे इच्छा असूनही न होण्याची, वेळ येऊ शकते. ही तातडीची अवस्था आहे. घाटात उलटी होऊ नये म्हणून किंवा सर्दीसाठी घेतल्या जाणाऱ्या, झोप आणणाऱ्या जुन्या धर्तीच्या गोळ्यांनी हा धोका वाढतो. शिवाय वृद्धांना त्यांनी भ्रमही होऊ शकतो. ताम्हिणीच्या वळणांना घाबरून औषधाच्या दुकानातून अशी गोळी परस्पर आणून आजोबांना देऊ नये.

बसून राहिलेले पाय आणि हादरणारा कणा

चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून केलेल्या प्रवासात पायाच्या नसांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनातून २००७ मध्ये पुढे आले. हे विमानापुरते नाही. बस, मोटार, आगगाडी सर्वांना लागू आहे. निरोगी माणसात मुळातला धोका फार लहान असल्याने दुप्पट होऊनही तो लहानच राहतो, हेही लगेच सांगितले पाहिजे. पण नुकतीच खुब्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, पूर्वी कधी गुठळी झाली असेल, किंवा वजन फार असेल, तर गोष्ट वेगळी होते. अशांनी प्रवासापूर्वी डॉक्टरांना भेटावे. घट्ट मोजे किंवा औषध लागेल का, ते तेच ठरवतील.

इतरांनी बसल्या जागी टाचा टेकवून चवडे वर उचलावेत, मग चवडे टेकवून टाचा उचलाव्यात, असे वीस-वीस वेळा करावे. पोटरीचे स्नायू आवळले की नसांतील रक्त वर ढकलले जाते. कोंडीत गाडी थांबली म्हणून दार उघडून रस्त्यावर उतरून फेऱ्या मारणे मात्र टाळावे. दोन वाहनांच्या मधून वाट काढणाऱ्या दुचाकी ज्येष्ठांना दिसत नाहीत आणि दुचाकीस्वारांना ज्येष्ठ दिसत नाहीत.

गावी पोहोचल्यावर एका पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली तर तेल लावून रगडू नये. आपल्याकडे प्रवासाच्या शिणावर हा पहिला उपाय केला जातो आणि एरवी तो सुखाचाही असतो. पण गुठळी असेल तर रगडण्याने ती सुटून फुप्फुसाकडे जाऊ शकते. एकाच पायाची सूज डॉक्टरांना दाखवावी, आणि एकाएकी दम लागला किंवा छातीत दुखले तर क्षणाचाही विलंब करू नये. ही लक्षणे प्रवासानंतर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही दिसू शकतात.

अर्धवट राहिलेल्या रस्त्यावर कोंडीच्या जोडीला खड्डे आणि वळवलेले कच्चे पट्टे येतात. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रीला बसच्या मागच्या बाकावर बसून खाल्लेला एक जोराचा दणका मणका चेपण्यास पुरेसा होतो. गतिरोधकावरून बस उडाल्याने असे अस्थिभंग झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. मागच्या चाकांच्या पलीकडची जागा सर्वांत वाईट, दोन्ही चाकांच्या मधली सर्वांत बरी. एस.टी.त जागा मिळाली म्हणून मागे बसवण्यापेक्षा पुढच्या गाडीची वाट पाहावी. दणक्यानंतर पाठीत एकाच जागी तीव्र दुखत राहिले, उभे राहताना कळ वाढली, तर 'उसण भरली असेल' म्हणून आठवडा घालवू नये. क्ष-किरण तपासणी करून घ्यावी.

मधुमेह असलेल्यांनी जेवणाची वेळ टळणार हे गृहीत धरूनच निघावे. इन्सुलिन टोचले किंवा साखर उतरवणारी गोळी घेतली, आणि जेवणाचे ठिकाण कोंडीच्या पलीकडे राहिले, की हात थरथरणे, घाम, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे सुरू होतात. साखर ७० च्या खाली असेल, किंवा मोजणे शक्य नसेल पण लक्षणे स्पष्ट असतील, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, आणि नंतर काहीतरी खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. इन्सुलिन गाडीच्या पुढच्या काचेखाली किंवा डिकीत ठेवू नये. पावसाळी हवेतही बंद गाडी तापते. औषधांची पिशवी डिकीतल्या सामानाखाली न जाता हाताशी राहावी, आणि तीत दोन दिवसांची जादा औषधे असावीत.

स्मृतिभ्रंश असलेल्या माणसासाठी कोंडी हे वेगळेच संकट आहे. गाडी का थांबली हे त्याला पुनःपुन्हा समजावून सांगावे लागते, आणि दिवस कलू लागला की त्याची अस्वस्थता वाढते. शक्यतो पहाटे निघावे, म्हणजे अडकलो तरी उजेडात अडकतो. मागच्या दारांची मुलांसाठीची कुलपे लावावीत, खिशात नाव आणि दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी, आणि सांभाळणारा माणूस व गाडी चालवणारा माणूस एकच असू नये. सहा तास गाडी चालवून थकलेल्या मुलाने बाबांच्या विसाव्या प्रश्नाला शांतपणे उत्तर द्यावे, ही अपेक्षा कोणत्याही मुलाकडून करणे योग्य नाही. रेल्वेचे तिकीट मिळत असेल तर अशा रुग्णासाठी, खालचा बर्थ मागून घेऊन, कोकण रेल्वेनेच जावे.

आधी कुठे न्यायचे

आता जे या टप्प्यातच राहतात त्यांच्याविषयी. मुले मुंबई-पुण्यात, आईवडील गावी, हे चित्र रायगड-रत्नागिरीत घरोघरी आहे. दुखणे आले की 'मुंबईला घेऊन या' असा निरोप येतो. त्या निरोपामागचे प्रेम खरे आहे, पण पक्षाघात आणि हृदयविकाराच्या झटक्यात तो घातक ठरू शकतो.

पक्षाघातात मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सी.टी. स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. माणगावापासून पनवेलपर्यंतचे सुमारे ९५ किलोमीटर मोकळ्या रस्त्याने दोन तासांत होतील; कोंडीत किती लागतील हे कोणीच सांगू शकत नाही. हृदयविकारात पहिल्या तासाचे मोल सर्वाधिक. म्हणून आजच, घरात सर्व धडधाकट असताना, तीन गोष्टींची चौकशी करून ठेवावी: घराजवळ कोणत्या रुग्णालयात चोवीस तास सी.टी. स्कॅन होते, कोठे ई.सी.जी. काढून हृदयाची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देतात, आणि कोठे अतिदक्षता विभाग आहे. उत्तरे कागदावर लिहून दूरध्वनीजवळ चिकटवावीत. प्रसंग आला की आधी तेथे, मग गरजेप्रमाणे रुग्णवाहिकेतून पुढे.

चेहरा एका बाजूला वाकडा होणे, हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही दिसले की घड्याळ पाहावे आणि रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला होता ती वेळ लिहून ठेवावी. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य आहे, आणि कोंडीत खासगी मोटारीपेक्षा तिला वाट मिळण्याची शक्यता अधिक. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. रस्त्यावर कोणा अनोळखी जखमीला आपण मदत केली, तर मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने अशा मदतकर्त्याला संरक्षण दिले आहे. 'पोलिसांची कटकट नको' म्हणून पुढे निघून जाण्याचे कारण उरलेले नाही.

डायलिसिसच्या रुग्णांनी जोडून येणाऱ्या सुट्ट्या, गणपतीचे जाण्या-येण्याचे दिवस आणि शिमगा यांच्या तारखा केंद्राला आधी कळवून आपली वेळ पहाटेची किंवा एक दिवस अलीकडची मागून घ्यावी. गणेशोत्सवात या महामार्गावर जड वाहनांना ठरावीक दिवस बंदी केली जाते. त्या बंदीची तारीख वर्तमानपत्रात आली की आपल्या घरच्या दिनदर्शिकेवर खूण करावी, कारण बंदी उठण्याच्या आसपास थांबवून ठेवलेले ट्रक एकदम रस्त्यावर येतात.

रस्ता पूर्ण झाल्यावर

रस्ता रुंद झाला की कोंडी कायमची संपेल, असे आपण सहजपणे मानतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच दाखवून दिले की गर्दीच्या वेळी शहरातील रुंद केलेला रस्ता पुन्हा भरून जातो, कारण आधी त्या वाटेने किंवा त्या वेळेला न येणारी वाहने मोकळी जागा पाहून येऊ लागतात. बाह्यवळणाचे काम याहून थोडे निराळे आहे. ते लांबचा प्रवासी आणि गावचा माणूस यांना एकमेकांपासून वेगळे करते. म्हणून माणगावसारख्या ठिकाणी गावातला रस्ता रुंद करण्यापेक्षा बाह्यवळण पूर्ण करणे ज्येष्ठांच्या हिताचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. गावातून ट्रक गेले नाहीत तर रात्रीचा आवाज कमी होईल. निवासी भागात रात्री ४५ डेसिबल ही आपल्याकडील कायद्याची मर्यादा आहे, आणि महामार्गालगतच्या घरांत ती केवळ कागदावर असते. सततच्या वाहतुकीच्या आवाजाने झोप तुटते आणि रक्तदाब वाढतो, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे. ज्यांची गोळी वाढवूनही रक्तदाब आटोक्यात येत नाही, त्यांनी डॉक्टरांना आपली खोली रस्त्याच्या बाजूला आहे हेही सांगावे, आणि जमल्यास खाट मागच्या खोलीत हलवावी.

काम चालू असेपर्यंत धूळ आहेच. दमेकऱ्यांच्या घरात केरसुणीने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, दुपारी रस्त्याकडच्या खिडक्या लावून घ्याव्यात, बाहेर पडताना एन-९५ मुखपट्टी वापरावी. कोंडीत गाडीच्या काचा बंद ठेवून आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबावे. कोंडी संपली की काचा उघडून ताजी हवा घ्यावी. धूळ बसवण्यासाठी कामाच्या जागी पाणी मारणे ही ठेकेदाराची जबाबदारी असते, आणि तशी लेखी मागणी ग्रामपंचायतीमार्फत करता येते.

लोणेऱ्यासारख्या गावात मात्र महामार्ग गावालाच चिकटून राहणार आहे, आणि तेथे नवा प्रश्न उभा राहतो तो रस्ता ओलांडण्याचा. वाहतूक नियंत्रणाचे हिशेब करताना माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असे सर्वसाधारणपणे धरतात. ब्रिटनमध्ये ६५ वर्षांवरील लोकांची चाल मोजली गेली, तेव्हा पुरुषांची सरासरी ०.९ आणि स्त्रियांची ०.८ मीटर निघाली. आपण हाच हिशेब आपल्या आजींसाठी करून पाहू. चौपदरी रस्त्याची एक बाजू दोन पदरांची, म्हणजे सात मीटरची. सेकंदाला ०.८ मीटर या चालीने ती ओलांडायला जवळजवळ नऊ सेकंद लागतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी मोटार तेवढ्या वेळात सुमारे दोनशे मीटर पुढे येते. आजींना मोतीबिंदू असेल, पावसाची झड असेल, तर दोनशे मीटरवरची मोटार दिसणारच नाही. आणि ही रस्त्याची एकच बाजू झाली; मध्ये दुभाजकावर थांबून दुसरी बाजू पुन्हा तशीच ओलांडायची आहे. विद्यापीठातील वीस वर्षांची मुले धावत पलीकडे जातात, म्हणून रस्ता ओलांडण्यासारखा आहे असा समज होतो.

यावर पादचारी पूल हे उत्तर सुचवले जाते. पण गुडघे दुखणारा माणूस चाळीस पायऱ्या चढत नाही. तो दुभाजकातील फट शोधतो. रस्त्याखालून जाणारा, उताराचा, उजेड असलेला आणि पावसाळ्यात पाणी न तुंबणारा भुयारी मार्ग हेच ज्येष्ठांसाठी खरे ओलांडण्याचे साधन आहे. तो कुठे व्हावा, हे आराखडा कागदावर असतानाच सांगावे लागते. महामार्ग झाल्यावर एस.टी.चा थांबा कुठे जाणार, दवाखाना आणि थांबा रस्त्याच्या एकाच बाजूला राहणार का, सेवा रस्त्यावर चालण्यासाठी वेगळी पट्टी आणि बसायला बाक असेल का, दिवे कोण लावणार आणि त्यांचे वीजबिल कोण भरणार, हे प्रश्न ग्रामसभेत विचारण्याचे आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी आपल्याकडे ग्रामसभा भरतात. बहुतेक ठिकाणी रस्त्याचा विषय निघाला की भूसंपादनाच्या मोबदल्यावर बोलणे संपते. आपल्या गावात तो निघाला, तर घरातील ज्येष्ठांना खुर्ची देऊन पुढे बसवावे, आणि रोज रस्ता कुठून ओलांडता ते त्यांच्याच तोंडून सांगू द्यावे. अभियंत्याने ती जागा नकाशावर पेन्सिलीने दाखवेपर्यंत उठू नये.